ठाऊक नसलेला कायदा

संध्याकाळी विठ्ठलवाडीला कर्जत लोकल थांबते तेव्हा काही माणसं पुलाकडे वळतात, काही सरळ रुळांवर उतरतात. एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हातात पोराचं मनगट. रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे त्यांना सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, दोन्हीही होऊ शकतात. हे चुकीचं आहे, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. मला रात्री जागवतो तो दुसराच माणूस, ज्याला खरोखर काही ठाऊक नव्हतं.

सध्या मी इटलीच्या फौजदारी कायद्याची सामान्य तत्त्वं वाचतो आहे. तिथली संहिता 1930 ची, मुसोलिनीचा न्यायमंत्री आल्फ्रेदो रोक्को याच्या नावानं ओळखली जाणारी. ती लागू झाली 1 जुलै 1931 ला. आपली भारतीय न्याय संहिताही 1 जुलैचीच, 2024 सालची. रोक्कोच्या पाचव्या कलमात तीच कठोर ओळ आहे: कायद्याचं अज्ञान ही सबब नव्हे. आपल्या संहितेची 14 आणि 17 ही कलमंही वस्तुस्थितीबद्दलचा गैरसमज पोटात घालतात, कायद्याबद्दलचा नाही.

हे वाचताना मला सांताक्रूझचा विमानतळ दिसत राहतो. 28 नोव्हेंबर 1962 ची सकाळ. झ्युरिकहून मनिलाला निघालेला मायर हान्स जॉर्ज हा जर्मन प्रवासी विमानातच बसून आहे. जाकिटाच्या आतल्या कप्प्यांत सुमारे 34 किलो सोनं. मुंबईत उतरायचा त्याचा विचारच नाही. पण अशा नुसत्या वाटेवरच्या सोन्याचीही विमानाच्या मालयादीत नोंद हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नवा आदेश चारच दिवसांपूर्वी, 24 नोव्हेंबरला, भारताच्या राजपत्रात छापून आला होता. झ्युरिकमध्ये भारताचं राजपत्र कोण वाचतं? दंडाधिकाऱ्यांनी शिक्षा दिली, मुंबई उच्च न्यायालयानं सोडलं. 1964 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोन विरुद्ध एक मतांनी पुन्हा दोषी धरलं, मात्र भोगली तेवढी कैद पुरे म्हटलं. तो एक म्हणजे न्यायमूर्ती सुब्बा राव. दोषी मनाशिवाय गुन्हा धरता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

जॉर्ज भोळा होता असं मी म्हणत नाही. कप्पे शिवलेलं जाकीट घालून कुणी देवदर्शनाला जात नाही. पण त्याला शिक्षा झाली ती ज्या नियमासाठी, तो त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाटच नव्हती, आणि माझ्या लेखी सगळं तिथंच अडतं.

इटलीच्या संविधान न्यायालयानं हीच गाठ 1988 मध्ये, निकाल क्रमांक 364 मध्ये सोडवली. गुन्ह्याची जबाबदारी व्यक्तिगत असते, असं तिथल्या राज्यघटनेचं 27 वं कलम सांगतं. त्या आधारानं न्यायालयानं पाचव्या कलमाची धार कमी केली: अज्ञान टाळणंच अशक्य असेल, कायद्याचा मजकूर दुर्बोध असेल किंवा न्यायालयंच त्याचे उलटसुलट अर्थ लावत असतील, तर माणसाला दोष देता येत नाही. आळशी अज्ञानाला मात्र माफी नाही. शिक्षा करणाऱ्या राज्यावरही कायदा स्पष्ट ठेवण्याचं कर्तव्य येतं, हे इतक्या खणखणीतपणे मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

मला सुब्बा रावांचं पटतं. कायदा शिकणाऱ्या मुलामुलींना एवढंच सांगेन: परीक्षेला बहुमत लागतं म्हणून त्यांची पानं वगळू नका.