उदक, नीर आणि ईर

मारेगावच्या पुढे डांबरी रस्ता सोडून कोलामांच्या पोडाकडे, म्हणजे वस्तीकडे, वळलं, की उन्हाळ्यात आधी दिसते ती बोरिंगवरची रांग. पितळी गुंड आता थोडे, प्लास्टिकच्या कळशा जास्त. पाळी येईस्तोवर बाया आपसांत कोलामीत बोलतात आणि त्या बोलण्यात सारखा एक इवलासा शब्द येतो : ईर. ईर म्हणजे पाणी.

कोलामी द्रविड कुळातली. तमिळ-कन्नडमधलं 'नीर', तेलुगूतलं 'नीरु' हे या ईरचे सख्खे. कोलामीनं आरंभीचा 'न' तेवढा गाळला. शेजारच्या गोंडांकडे त्याचंच 'येर' होतं आणि पार बलुचिस्तानात, ब्राहुई बोलणाऱ्यांच्या तोंडी, 'दीर'. संस्कृतातलं नीरही याच घरचं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्या कवींच्या डोळ्यांतून शतकानुशतकं वाहणारं नीर ते हेच, बोरिंगखाली खळाळणारं!

आपलं रोजचं 'पाणी' त्यामानानं पोरसवदा. 'पानीय', म्हणजे पिण्याजोगं, यावरून आलेलं. 'उदक' मात्र फार जुनं. श्राद्धापुरतं आणि एखाद्या आशेवर सोडण्यापुरतं आपण ते राखून ठेवलंय, पण त्याचे भाऊबंद युरोपभर पसरलेत. इंग्रजांचं वॉटर, रशियनांचं वदा आणि नॉर्वेत नळाला येतं ते 'वान', जुन्या नॉर्समधलं 'वात्न', सगळी एकाच मुळाची. भटजींच्या पळीतल्या पाण्याचं सोयरं ओस्लोत, बोरिंगवरच्या पाण्याचं मदुराईत.

कोलामी या धाकट्या भाषेकडे (धाकटी ती बोलणाऱ्यांच्या संख्येनं, वयानं नव्हे) पहिल्यांदा नीट लक्ष दिलेल्यांत एक मराठी माणूस होता, याचा मला भारी आनंद वाटतो. शिवकालाचे इतिहासकार म्हणून आपण ओळखतो ते सेतुमाधवराव पगडी. हैदराबाद संस्थानात अधिकारी असलेल्या या माणसानं 1950 साली कोलामीचं व्याकरण छापलं. एमेनो या भाषापंडिताचा कोलामीवरचा ग्रंथ कॅलिफोर्नियातून निघाला तो 1955 मध्ये. द्रविड शब्दांच्या व्युत्पत्तिकोशात कोलामी शब्दापुढे आजही सेतुमाधवरावांच्या नावाची आद्याक्षरं भेटतात.

2011 च्या जनगणनेत कोलामी बोलणारे सव्वा लाखाच्या थोडे वर निघाले. पोडावरची पोरं शाळेत जातात ती मराठीच्या. तेव्हा गुरुजी, एक विनंती आहे. पहिलीच्या भिंतीवर 'पाणी' लिहिलं असेल, तिथंच शेजारी 'ईर' लिहा. दोन अक्षरांचीच जागा लागेल.