हर्षिलचा रस्ता

तेलीबागेत माझे मामा राहतात. मूळचे साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त झाल्यावर लखनौच्या छावणीजवळच घर बांधून राहिले. 5 ऑगस्ट 2025 च्या संध्याकाळी मी गेले तेव्हा टीव्हीवर धराली दाखवत होते. खीरगंगेचा लोंढा येतो आणि हॉटेलंच्या हॉटेलं दिसेनाशी होतात. मग बातमी आली की शेजारच्या हर्षिलच्या लष्करी तळालाही तडाखा बसलाय, काही जवान बेपत्ता आहेत. मामांनी टीव्हीचा आवाज बंद केला. हर्षिलला त्यांनी दोन हिवाळे काढले होते.

"पुढं नेलांग, मग तिबेट. आमचं सगळं लक्ष तिकडं," ते म्हणाले. "डोक्यावरच्या ओढ्याकडं कोण बघतंय?"

तो सगळा मुलूख लखनौच्या मध्य कमांडकडे येतो. 2013 च्या केदारनाथच्या प्रलयातली लष्कराची मोहीमही याच कमांडची. 'सूर्या होप' तिचं नाव.

आमचं भांडण जुनं आहे. चारधामचा रस्ता रुंद करायला विरोध झाला, तेव्हा सरकारनं न्यायालयात देशाच्या सुरक्षेचं कारण पुढे केलं: क्षेपणास्त्रं, जड सामग्री सीमेपर्यंत न्यायची तर रस्ता रुंद हवा. 14 डिसेंबर 2021 ला सर्वोच्च न्यायालयानं परवानगी दिली. मी डोंगर पोखरण्याबद्दल बोलत होते, मामा 1962 बद्दल. त्या युद्धात नेलांगची माणसं गाव सोडून खाली बगोरीला आली ती कायमचीच. मामांच्या ओळखीची होती त्यांतली काही. त्यांचं म्हणणं मला खोडता आलं नव्हतं, आजही येत नाही.

पण या पुरात तोच रस्ता तुटला. गंगनानीजवळचा पूल गेला. बेली पूल उभा राहीपर्यंत माणसं हेलिकॉप्टरनं काढावी लागली. आपलेच सोबती हरवलेले असताना हर्षिलचे जवान धरालीत चिखल उपसत होते. वर नेमकं काय फुटलं यावर वाद आहेत आणि एका पुराचं खापर तापमानवाढीवर फोडायला मी धजणार नाही. तरी हवा एका अंशानं तापली की सुमारे 7 टक्के जास्त बाष्प धरते, हिमनद्या मागे सरकताहेत, हे काही कुणाला नवीन नाही. सुरक्षेच्या हिशेबात शत्रूच्या रणगाड्याशेजारी हेही मांडायला हवं होतं.

हे मी त्या संध्याकाळी मामांना म्हटलं नाही. ते जुनी डायरी काढून बगोरीतल्या एका सफरचंदवाल्याचा नंबर शोधत होते. सापडला, पण लागेना.

"रेंज गेली असेल," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुन्हा लावून बघितला.