कढीपत्ता, आई आणि कॉपी-पेस्ट

आमच्या बाल्कनीत कढीपत्त्याची एकच कुंडी आहे. हप्ते मी भरतो, पण कुंडी आईची! गेल्या पावसाळ्यात पानं कुरतडलेली दिसली तेव्हा तिनं फर्मान सोडलं, "अरे, औषध मार जरा." मारलं. पानांवर पक्ष्याच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलं होतं, तेही पडलं. काम फत्ते, तिकीट क्लोज.

यंदा तशीच शीट पुन्हा दिसली. फवारा घेऊन जवळ गेलो, तर शीट चक्क चालायला लागली!

मग काय, नेटवर शोधाशोध. निघाली कॉमन मॉर्मन फुलपाखराची अळी. लहानपणी शिटेचं सोंग, मोठेपणी पानासारखी हिरवीगार. डिवचलं तर डोक्यामागून लालसर दुहेरी शिंग काढते आणि उग्र वास सोडते. (डिवचून पाहिलं. खरंच सोडते.)

"आणि आमटीत काय घालू मी?" आई म्हणाली. शेवटी भाजीवाल्याकडून कढीपत्ता आणायचं माझ्यावर आलं.

अळीचा कोष झाला आणि अकराव्या दिवशी, शनिवारी सकाळी, फुलपाखरू बाहेर आलं. मी वाट पाहत होतो काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळीची. याच्या मागच्या पंखांवर तर पांढरे पट्टे आणि लाल ठिपके! मी छाती ठोकून सांगितलं, "आई, हे कॉमन रोज. विषारी असतं."

"विष कुठून येणार? महिनाभर माझा कढीपत्ताच खात होतं ना?"

सहा वर्षं बग शोधतोय मी, आणि हे आईला सुचावं!

कॉमन रोजच्या अळ्या ईश्वरीच्या कुळातल्या वेली खातात. तिथून त्यांच्यात विष येतं आणि पक्षी नाद सोडतात. कॉमन मॉर्मनच्या काही माद्या त्याच रोजचे कपडे घालून फिरतात. नुसती कॉपी, विष नाहीच! काही माद्या क्रिमसन रोजसारख्या, काही आपल्या नरांसारख्या साध्या. नर मात्र सगळे एकाच छापाचे. ओळखायची खूण म्हणजे रोजचं अंग लाल, आमचीचं काळं. हा सगळा बदल 'डबलसेक्स' नावाचा एकच जीन घडवतो, हे कृष्णमेघ कुंटे आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दाखवलं.

म्हणजे शिटेचं सोंग, पानाचं सोंग, विषाचं सोंग. पक्षी फसावेत म्हणून एवढी तयारी. माझ्या फवाऱ्यापुढे मात्र यातलं काहीच चाललं नव्हतं. गेल्या वर्षी किती गेल्या, मोजल्याही नाहीत.

तासाभरानं पंख वाळले आणि ती समोरच्या बिल्डिंगवरून उडून गेली. आई बराच वेळ तिकडे बघत होती. मग कुंडीकडे वळून म्हणाली, "वरच्या दोन फांद्या त्यांच्या. खालच्या माझ्या."

औषधाची बाटली मी त्या दिवसापासून काढलेली नाही. भाजीवाल्याकडच्या फेऱ्या चालूच आहेत.