फिरकीचा तांब्या

त्या दिवसाबद्दल आम्हा पाच चुलत-आतेभावंडांचं फारशा गोष्टींवर एकमत होत नाही. साल 1982, महिना मे, एवढं सगळ्यांना मान्य आहे. काकाची जुनी घेतलेली फियाट, गिअर स्टिअरिंगला, पुढची सीट सलग, हेही मान्य. पण मोठी पाच आणि पोरं पाच त्या गाडीत मावली कशी, यावर दर गणपतीत वाद होतो. प्रत्येकाच्या मते दुसरं कुणीतरी त्याच्या मांडीवर होतं.

वाईहून पहाटे चारला निघायचं, महाबळेश्वरवरून कोकणात उतरायचं, समुद्र बघायचा आणि रात्री घर गाठायचं. मुक्काम नाही, कारण आजीचं सोवळं. तिला बाहेरचं पाणीसुद्धा चालायचं नाही. घरच्या आडाचं पाणी भरलेला पितळी फिरकीचा तांब्या तिने मांडीवर घेतला, म्हणजे पोरांना बसायला एक मांडी कमीच.

पहिली उलटी पसरणीच्या घाटातच झाली. कुणाची, ते अजून कुणी कबूल करत नाही. पाचगणीची सिल्व्हर ओकची झाडं अंधारातच मागे गेली. साडेचार हजार फुटांवरची माल्कमसाहेबाची पेठ आम्ही पाहिली ती दुकानांच्या बंद फळ्यांपुरती. थंडी मरणाची आणि स्वेटर एकच, तो अप्पांच्या अंगात. आंबेनळीच्या घाटात उजाडलं तेव्हा प्रतापगड दिसला. अप्पांनी गाडी थांबवायला लावून हात जोडले. आम्ही तेवढ्यात करवंदांचे चार द्रोण मिळवले.

पोलादपूर सोडल्यावर उकडायला लागलं. कशेडीच्या चढावर अप्पा, जन्माचे मास्तर, धोंडो केशव कर्व्यांची गोष्ट सांगत होते. सतराव्या वर्षी तो मुरुडचा मुलगा परीक्षेसाठी साताऱ्यापर्यंत चालत आला आणि वय लहान दिसतं म्हणून त्याला बसूच दिलं नाही. "तो सह्याद्री चढून चालत आला, आणि तुम्हाला गाडीत बसून ओकाऱ्या!" एवढं म्हणायला आणि फियाटने आचके द्यायला एकच गाठ पडली.

काकाने बॉनेट उघडलं. "व्हेपर लॉक." लॉक म्हटल्यावर धाकटी सीटखाली किल्ली शोधायला लागली. पेट्रोल पंप तापला होता, त्यावर ओलं फडकं ठेवायला हवं होतं. अप्पांनी खांद्यावरचा पंचा दिला. पाणी? आम्ही आमची बाटली पाचगणीपर्यंतच संपवलेली. सगळ्यांच्या माना हळूहळू तांब्याकडे वळल्या.

इथून पुढे प्रत्येकाची कहाणी वेगळी. एकाच्या मते काकाने तांब्या मागितला, एकीच्या मते अप्पांनी ओढून घेतला. मला दिसतं ते असं: आजीने काही न बोलता फिरकी सोडली, आधी दोन घोट स्वतः प्यायली, मग उतरून स्वतःच्या हाताने पंच्यावर धार धरली. अभिषेकाला धरतात तशी. पितळेच्या काठावरून पाणी पंच्यावर पडलं आणि चर्र झालं. दहा मिनिटांनी गाडी सुरू झाली. तांब्या रिकामा.

दापोली म्हणजे इंग्रजांची जुनी छावणी. कॅम्पचा अपभ्रंश होऊन कापदापोली. अप्पा घाम पुसत "मिनी महाबळेश्वर" म्हणाले तेव्हा काकू जी हसली ती मुरुड येईपर्यंत. सुरूच्या झाडांतून समुद्र दिसला आणि आम्ही चपलांसकट पळालो. आजी ओल्या वाळूवर उभी राहिली. तिने तो पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ गेला, मग म्हणाली, "एवढं सगळं, आणि तोंडात घालायला नाही."

तिला तहान लागली होती हे तोवर कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. जवळच्या वाडीत पोफळींच्या गारव्यात विहीर होती, रहाट होता. तिथल्या बाईंनी काही न विचारता पाणी काढून दिलं. आजीने तांब्या घासला, विसळला, भरला, आणि उभ्यानेच प्यायली. आत्याने तोंड उघडलं होतं. अप्पांनी खुणेनेच तिला गप्प केलं.

संध्याकाळी हर्णै. समोर सुवर्णदुर्ग, आणि वाळूवर मासळीचा लिलाव. आजीने पदर नाकाला लावला, पोरं खेकड्यांमागे. काका "नुसता भाव विचारून येतो" म्हणून गेला तो अर्ध्या तासाने आला. बांगड्याच्या वासाचा उलगडा घरी डिकी उघडल्यावर झाला, पण तो वेगळा विषय.

घरी पोचलो तेव्हा रात्रीचा एक वाजून गेला होता. आजीने पहिल्यांदा बंबात जाळ घातला, आंघोळ केली आणि उरलेलं मुरुडचं पाणी तुळशीला घातलं. अप्पांच्या पंच्याचा पेट्रोलचा वास मात्र चार वेळा धुऊनही गेला नाही. शेवटी तो काकाने गाडी पुसायला घेतला.