हातचा नसलेली संख्या

‘ह्याचा उपयोग काय?’ हा प्रश्न विद्येच्या दारात सदैव ठाण मांडून बसलेला असतो. गणिताच्या वाट्यास तर तो जरा अधिकच येतो. आज वाचकांपुढे आम्ही अशी एक संख्या ठेवीत आहोत, की जिचा व्यवहारी उपयोग आम्हांस सांगता येणार नाही.

नऊ वेळा १ हा अंक ओळीने मांडावा व त्या संख्येस तिनेच गुणावे. उत्तर येते १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा वा उजवीकडून, ती तशीच. यात जादू काही नाही. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकतात. त्यामुळे कडेच्या घरात एक व मधल्या घरात नऊ अशी बेरीज जमते, आणि हातचा कोठेच येत नाही. हिच्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने हिला निःशेष भाग जातो. अशा गुणाच्या संख्यांस दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी ‘हर्षद’ हे गोड नाव दिले. ही ज्या कुळातली, त्यास त्यांनी ‘डेम्लो’ म्हटले. कारण ती कल्पना त्यांस मुंबईजवळच्या त्या नावाच्या रेल्वे-स्थानकावर सुचली. १९०५ साली डहाणूस जन्मलेले, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेले हे गृहस्थ १९६२ पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. पंडितांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतील एका मासिकात त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा त्यांची कीर्ती दूरवर गेली.

बीड जिल्ह्यातील तेलगावी आमचा काही दिवस मुक्काम होता. गावी साखर कारखाना आहे. तरी या जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबे दरसाल ऊसतोडीस परमुलखी जातात. अशाच एका घरच्या मुलास आम्ही हा गुणाकार दाखविला. त्याने तो वहीत पडताळला आणि आपण होऊन दहा एक मांडून पाहिले. उत्तर आले १२३४५६७९००९८७६५४३२१. सारी शोभा मोडली.

“मधी हातचा आला, सर,” तो म्हणाला.

ओट्यावर बसलेले त्याचे वडील हसले. “आमच्या उचलीचं बी असंच हाय. गेल्या साली फिटली न्हाई, ती औंदा हातची.”

मुकादमाकडून घेतलेली उचल हीच ज्या घरास ठाऊक असलेली मोठी संख्या, तेथील मुलाने निरुपयोगी संख्येत रमावे, ही चैन म्हणावी की त्याचा हक्क? आम्ही निःसंशय दुसऱ्या पक्षाचे आहोत. कर्जाच्या वहीबाहेरही आकडे असतात, हे त्यास कळले तर पाहिजे! मात्र त्या आनंदाने उचल फिटत नाही, हेही तितकेच खरे. देवळालीच्या मास्तरांस निदान बारमाही शाळा होती. या मुलाची शाळा उसाच्या हंगामाबरोबर सुटते. आणि तेथे जे राहून जाते, त्याचा हातचा पुढच्या वर्षी कोणीच धरीत नाही.