अर्धी राहिलेली पदवी



मागच्या महिन्यात मंदिरात पूजा आटोपल्यावर एका सुनेने मला हळूच बाजूला घेतलं. "ताई, तुम्ही म्हणे मुलगी मोठी झाल्यावर कॉलेज पुरं केलं? माझं दुसरं वर्ष झालंय, तिसरं राहिलं. आता केलं तर लोक हसतील का हो?" तिथे उभ्या-उभ्या काय सांगणार? सासूबाई वाट बघताहेत म्हणून ती घाईत निघूनही गेली. तिला सांगायचं होतं ते आज इथे लिहिते. तिच्यासारख्या आपल्यात पुष्कळ आहेत, हे मला ठाऊक आहे.

माझं लग्न 2003 साली झालं. बी.कॉम.चं दुसरं वर्ष संपलं होतं. "तिसरं वर्ष सासरी राहून दे," असं ठरलं होतं. ठरवणाऱ्यांच्या मनात खोट नव्हती, पण मुलगी झाली, सासरे आजारी पडले आणि वर्षं गेली. गुणपत्रिका माहेरच्या नावाच्या, त्या ट्रंकेत तळाशी गेल्या.

यांचं गोंदियात कापडाचं दुकान. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी एका राइस मिलमध्ये हिशोब लिहायला लागले. आपला जिल्हाच धानाचा. शंभर किलो धान सरकारी भरडाईला आलं की सदुसष्ट किलो अरवा तांदूळ द्यायचा, उसना असेल तर अडुसष्ट. कणी किती निघाली, कोंडा किती, बारदाना किती परत गेला, हे मला तोंडपाठ झालं होतं. मग 1 जुलै 2017 ला जीएसटी आला. मालकांनी एक नवीन मुलगा ठेवला, पदवीधर. पहिले तीन महिने त्याला मिलचा हिशोब मीच शिकवला. चौथ्या महिन्यात माझी वही तपासून सही करायचं काम त्याच्याकडे गेलं. मालकांनी वाईट शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाले, "बाई, कागदावर ग्रॅज्युएट लागतो." मुलगा बिचारा चांगला होता, त्याचा राग नाही आला. त्या रात्री ट्रंक मात्र उघडली.

2018 मध्ये मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात बी.कॉम.ला प्रवेश घेतला. हे विद्यापीठ नाशिकचं, 1989 मध्ये स्थापन झालेलं. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. तेव्हा पुस्तकं मराठीत मिळायची, रविवारी अभ्यास केंद्रावर वर्ग असायचे, गृहपाठ लिहून द्यायचे आणि परीक्षा उन्हाळ्यात व्हायची. माझी पंधरा वर्षांपूर्वीची दोन वर्षं तिथे कामाला आली नाहीत, पहिलीपासून सुरुवात केली. त्याचं दोन दिवस वाईट वाटलं. मग पुस्तकं आली आणि वाईट वाटायला वेळच उरला नाही.

घरात मी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "कर, जमत असेल तर." सासूबाई मात्र जेवणाचं ताट सारून म्हणाल्या, "देवाने दिलंय तेवढं पुरे नाही का? ही पण हावच आहे."

हे मला लागलं, कारण त्यात तथ्य आहे की काय, असं वाटलं. आपण परिग्रह-परिमाणाचं व्रत घेतो, इतकंच सोनं, इतकेच कपडे, असं म्हणतो. मग जास्त पगारासाठी शिकणं हा परिग्रह नाही का? मी त्यांना उत्तर दिलं नाही. उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतंच.

अभ्यासाला वेळ कुठून काढला, हे सगळ्याजणी विचारतात. वेळ मला आपल्या धर्मानेच दिला. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवण होतं. मी दुपारच्या डब्यासोबत संध्याकाळचाही डबा न्यायचे आणि पाच वाजता मिलमध्येच जेवायचे. घरी येईपर्यंत ओटा धुऊन स्वच्छ. शेजारणींच्या घरी आठ वाजता कणीक मळणं चालू असायचं, तेव्हा माझं स्वयंपाकघर बंद असायचं. रात्रीभोजन-त्यागाचा हा फायदा मला कुणी सांगितला नव्हता! सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांचं. ते झालं की त्याच जागी, त्याच चटईवर, आणखी अठ्ठेचाळीस मिनिटं पुस्तक. घड्याळ लावून. एक मिनिट जास्त नाही, कमी नाही. "जमेल तेव्हा करीन" म्हटलं असतं तर पहिल्याच महिन्यात सुटलं असतं. रोजचा नियम घेतला म्हणून टिकलं. नियम पाळायची सवय आपल्याला लहानपणापासून असते. ती अभ्यासाला लावायची एवढंच.

व्यवस्थापनाच्या पुस्तकात हेन्री फेयॉल नावाचे फ्रेंच गृहस्थ भेटले. खाणीत इंजिनियर होते, मग कंपनी चालवली आणि 1916 मध्ये व्यवस्थापनाची चौदा तत्त्वं लिहिली. त्यातलं एक असं, की एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा. मी मोठ्याने वाचलं तर मुलगी हसून लोळली. "आई, आपल्या घरी तुला हुकूम देणारे किती?" मोजले तर चार निघाले, तिला धरून.

दुसऱ्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत मी पुढची पुस्तकं चाळत होते. त्यात ना-नफा-ना-तोटा बिंदू आला. दुकान चालो न चालो, काही खर्च होतोच: भाडं, वीज, पोऱ्याचा पगार. तो खर्च भरून निघायला कमीत कमी किती विक्री व्हायला हवी, ते काढायचं. पुस्तकातलं उदाहरण पंख्याच्या कारखान्याचं होतं. मी म्हटलं, आपल्या दुकानाचं करून बघू.

दुकानाचं भाडं, मागच्या गोदामाचं नऊ हजार भाडं, वीज, पोऱ्या, सगळं मिळून महिन्याला चोवीस हजार. शंभर रुपयांच्या विक्रीत यांना वीस सुटतात. म्हणजे चोवीस हजार निघायला महिन्याची विक्री एक लाख वीस हजार हवी. गेल्या बारा महिन्यांच्या पावत्या जुळवल्या. सरासरी पंचाऐंशी हजार. त्यावर सुटले सतरा हजार. दर महिन्याला सात हजारांचं भोक, वर्षाचे चौऱ्याऐंशी हजार. दिवाळीत आणि लग्नसराईत गल्ला भरलेला दिसायचा, म्हणून कळत नव्हतं. हे भोक बुजत होतं माझ्या पगारातून आणि ठोक व्यापाऱ्याच्या उधारीतून. गोदामात चार वर्षांपूर्वीच्या भारी साड्या पडून होत्या. घड्या मोडून तिथेच विरत चाललेल्या.

मी आनंदाने धावत गेले. खरंच आनंद झाला होता, गणित सुटल्याचा. हे जेवायला बसले होते, मुलगी शेजारी. मी वही उघडून वाचून दाखवली. वाचता-वाचता मान वर केली, तर यांचा घास हातातच होता.

"तुझ्या पुस्तकातलं दुकान वेगळं, माझं वेगळं," एवढंच बोलले आणि उठले.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं. चार दिवसांनी दशलक्षण सुरू झालं. 2019 चं ते पर्व मी कधी विसरणार नाही. पहिल्या दिवशी उत्तम क्षमा, दुसऱ्या दिवशी मार्दव, तिसऱ्या दिवशी आर्जव. आर्जवाच्या दिवशी प्रवचनात सांगितलं, मनात एक, बोलण्यात एक, करण्यात तिसरंच, असं नसावं. मी मनात म्हटलं, बघा, हिशोबाचंही तेच आहे, मी बरोबर होते. आणि तेवढ्यात आदल्या दिवशीचं मार्दव आठवलं. मान कशाने ताठ होते, याची यादीच सांगितली होती: कुळ, रूप, धन, आणि ज्ञान. आकडे माझे खरे होते. पण ते वाचताना आवाजात काय होतं? पदवीधर मुलाने माझ्या वहीवर सही केली तेव्हा मला जे वाटलं होतं, तेच मी यांना वाढलं होतं. तेही मुलीसमोर.

क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांची क्षमा मागून झाली. घरी आल्यावर मी यांच्यासमोर हात जोडले. "आकड्यांची क्षमा मागत नाही. ते मुलीसमोर वाचले, त्याची मागते." हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मला माहीत होतं गं. फक्त लिहून काढायची हिंमत नव्हती. आण ती वही."

त्या रात्री आम्ही दोघं बसलो. मी विचारायची, हे सांगायचे. गोदाम सोडायचं ठरलं. पडलेल्या साड्या मिळेल त्या भावात काढल्या, तेव्हा यांचा चेहरा बघवत नव्हता. भारी माल बंद करून शाळेचे गणवेश, टॉवेल, चादरी, रोजचं कापड ठेवलं. विक्री ऐंशी हजारांवर आली, पण खर्च पंधरा हजारांवर. महिन्याला सोळा सुटतात, पंधरा जातात. हजार रुपये उरायला लागले. हजार रुपयांचं कुणाला काय कौतुक, पण भोक बंद झालं होतं. ठोक व्यापाऱ्याची उधारी आम्ही मार्चच्या सुरुवातीला फेडली. त्याच महिन्याच्या 25 तारखेला सगळा देश बंद झाला. गोदाम आणि उधारी दोन्ही डोक्यावर असती तर दुकानाचं शटर परत उघडलं असतं का, मला नाही वाटत.

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे मिळालं. परिमाण म्हणजे माप. आपल्याकडे काय आहे, किती आहे, कुणाचं देणं आहे, हे मोजताच येत नसेल तर मर्यादा कशाला घालणार? गोदाम भरून साड्या ठेवल्या होत्या तो परिग्रह होता, आणि आम्ही त्याला धंदा म्हणत होतो. आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी आपल्या दोन मुलींना शिकवल्याची कथा आहे. ब्राह्मीला अक्षरं, सुंदरीला अंक. आपण पाठशाळेत ही कथा सांगतो आणि पुढे जातो. पण बघा ना, अंकविद्या आधी दिली ती मुलीला. आपल्या महाराष्ट्रात मगनबाईंनी मुंबईत आणि पंडिता सुमतीबाई शहांनी सोलापुरात श्राविकांच्या शिक्षणासाठी आयुष्य घातलं, तेही याच वाटेने. आपल्या धर्मात बाईचं शिकणं ही नवी गोष्ट नाही.

पुढचं सगळं सुरळीत झालं असं समजू नका. कोरोनात परीक्षा लांबल्या. शेवटच्या वर्षी सासूबाई आठवडाभर दवाखान्यात होत्या, मी रात्री त्यांच्या उशाशी आणि दिवसा मिलमध्ये. त्या वर्षी परिव्यय लेखांकनाच्या पेपरात नापास झाले. दुकानाचा हिशोब सोडवणारी मी, हिशोबाच्याच पेपरात नापास! मी घरी सांगितलं तेव्हा हे म्हणाले, "एकच विषय ना? गोदाम सोडलं तेव्हा मी किती विषयांत नापास झालो होतो?" तो पेपर 2022 मध्ये परत दिला. गोंदियाचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे. पंखा गरम हवा फेकत होता, आणि माझ्या पुढच्या बाकावर माझ्या मुलीच्या वयाची मुलगी बसली होती. सुटले.

त्या वर्षी मुलगी बारावी झाली आणि मी पदवीधर. वय एकोणचाळीस. पदवीचं प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून खूप वेळ बघितलं. मग विचारलं, "यात नाव माहेरचं आहे की आमचं?"

"तुमचं, आई."

त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या कपाटात, दागिन्यांच्या डब्याखाली नेऊन ठेवलं. अजून तिथेच आहे. मला झेरॉक्स हवी असली तर त्यांच्याकडे मागावी लागते. मिलमध्ये पगार थोडा वाढला. तो मुलगा नागपूरला गेला, आता वहीवर सही माझी असते.

आता त्या सुनेला उत्तर. हसतील. दोन महिने हसतील, मग त्यांच्याच मुलांचे फॉर्म भरायला तुझ्याकडे येतील. तुझं शिक्षण अलीकडचं असेल तर आधी जुन्या कॉलेजात विचार. 2021 पासून क्रेडिट जमा ठेवण्याची सोय आली आहे, जमा झालेली क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं चालतात. म्हणजे सगळं पहिल्यापासून करावं लागेलच असं नाही. आणि ज्यांच्या मुली शिकताहेत, त्यांनी ठरलेलं तिसरं वर्ष लग्नाआधीच होऊ द्या. सासर कितीही चांगलं असो.

फॉर्म एकटीने भरायची भीती वाटत असेल तर रविवारी पूजेनंतर मंदिरात भेट, सोबत बसून भरू. येताना जुन्या गुणपत्रिका आणि लग्नाचं प्रमाणपत्र दोन्ही आण. नावाचा घोळ तिथेच होतो.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर क्षमा करा.