लॅमिंग्टन रोडवरचा एक वॅट

प्रार्थना समाजाच्या नाक्यावरून ऑपेरा हाउसच्या दिशेने रमतगमत निघाले, की थोड्याच वेळात आपण एका अजब रस्त्याला लागतो. पाटीवर त्याचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण मुंबईकराच्या तोंडी तो अजून लॅमिंग्टन रोडच. १९०३ ते १९०७ या काळात लॉर्ड लॅमिंग्टन मुंबईचे गव्हर्नर होते, हे आज कुणाला ठाऊक आहे? हा रस्ता लोकांच्या ध्यानात राहिला तो गव्हर्नरसाहेबांमुळे नव्हे. वायरी, कॅसेट, रेडिओ, संगणक आणि स्पीकर यांच्यामुळे. गिरगावातल्या घरात काही बिघडले, की ‘जरा लॅमिंग्टन रोडला जाऊन येतो’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

यंदा दसऱ्याच्या आधी मला तिथे ओढून नेले ते माझ्या मामेभावाने. मामा लालबागला राहतात. वय ऐंशीच्या घरात. तरुणपणी गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला आणि त्यांची गिरणी सुटली ती कायमची. आता त्यांचा सारा जीव टीव्हीवरच्या जुन्या मराठी चित्रपटांत. पण संवाद कळत नाहीत. म्हणून आवाज वाढवायचा. तरी कळत नाहीत, म्हणून आणखी वाढवायचा. शेवटी चाळीतले शेजारी दार वाजवतात आणि मामा टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन बसतात. गेले वर्षभर हे असेच चालले होते.

‘दादा, बाबांना या दिवाळीला दणदणीत होम थिएटर घेऊन द्यायचं,’ मामेभाऊ म्हणाला. त्याच्या खिशातल्या चिठ्ठीवर लिहिले होते : ‘एक हजार वॅट’.

वाटेत रॉयल ऑपेरा हाउस लागले. १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले, १९९३ ला ते बंद पडले आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडले. ते बांधले तेव्हा नाट्यगृहात ध्वनिक्षेपक नव्हता. नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा तो गळ्याच्या आणि वास्तूच्या बळावर. जवळच प्रा. बी. आर. देवधरांचे संगीत विद्यालय होते. कुमार गंधर्व तिथेच शिकले. बैठकीच्या खोलीत गायकाचा आवाज मावेल एवढाच असायचा. खोली आणि आवाज यांचे लग्न आधी जुळलेले असे. आमच्या चिठ्ठीत मात्र नवरदेव तेवढा ठरला होता, वधूचा पत्ताच नव्हता!

दुकानदार केस पिकलेले गृहस्थ होते. चिठ्ठीकडे पाहून त्यांनी विचारले, ‘साहेब, खोली केवढी?’

‘दहा बाय बारा.’

‘आणि ऐकणार कोण?’

मामेभाऊ गप्प झाला. मग त्या गृहस्थांनी कागद ओढला आणि आमची शिकवणी घेतली. महाविद्यालयात वीस वर्षे शिकवत असलो, तरी मी मुकाट्याने विद्यार्थी झालो.

स्पीकरच्या माहितीपत्रकात एक आकडा असतो, तो वॅटच्याही आधी पाहायचा : एक वॅट शक्ती दिली असता एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो. समजा, तो ८८ आहे. दोन मीटरवर बसलो तर ढोबळ हिशेबाने सहा डेसिबल गळतात, उरतात ८२. साधे बोलणे साठाच्या आसपास असते. म्हणजे सत्तर डेसिबलने संवाद ऐकायचे, तर एका वॅटचा सोळावा भागही पुरतो! त्याच्या वीस डेसिबल वर एखादा स्फोट किंवा ताशाचा कडकडाट आला, तरी सहा-सात वॅट लागतील.

‘मग हजार वॅट कशाला?’ मी विचारले.

‘खोक्यावर छापायला,’ ते शांतपणे म्हणाले.

पुढचा हिशेब अधिक गमतीचा. पन्नास वॅटचे शंभर केले तर आवाज वाढतो फक्त तीन डेसिबल. कानाला जेमतेम कळेल एवढा. आवाज दुप्पट झाला असे वाटायला शक्ती दसपट लागते. म्हणून खोक्यावरचा आकडा वाचताना खोदून विचारावे : ही शक्ती प्रत्येक वाहिनीला सतत मिळते, की क्षणभरच? दोनच स्पीकर चालवून मोजली, की सगळे चालवून? आवाज किती बिघडू देऊन मोजली? एका प्रामाणिक रिसीव्हरचे साठ वॅट हे दुसऱ्याच्या हजारांना भारी पडतात.

उलट चूकही लोक करतात. रिसीव्हर फारच अशक्त घेतला आणि कान पिळत गेलो, तर त्याची दमछाक होते. ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, आवाज चिरका होतो आणि स्पीकरमधल्या उंच स्वरांच्या छोट्या ट्वीटरची नाजूक तार जळून जाते. जोरकस रिसीव्हरपेक्षा धापा टाकणारा रिसीव्हर स्पीकरला पुष्कळदा अधिक घातक. तिसरी गोष्ट ओहमची. आठ ओहमसाठी केलेल्या रिसीव्हरला चार ओहमचे स्पीकर जोडले, तर ते दुप्पट प्रवाह ओढू पाहतात आणि यंत्र तापते. दोन्हींच्या माहितीपत्रकांवरचे आकडे जुळवून पाहणे, हीच काय ती पत्रिका.

‘पण बाबांना ऐकू येत नाही त्याचं काय?’ मामेभावाने मूळ मुद्दा काढला.

‘ते कुठे काम करत होते?’

‘गिरणीत. साचेखात्यात.’

गृहस्थांनी पेन खाली ठेवले. ‘मग त्यांना आवाज कमी नाही पडत, साहेब. शब्द कमी पडतात.’

साच्यांच्या खटखटाटात शंभर डेसिबलच्या आसपास आवाज असे; आठ तासांच्या कामाला ८५ हीच धोक्याची रेघ मानतात. असा गोंगाट वर्षानुवर्षे सोसला, की कानाची उंच स्वरांची बाजू आधी झिजते. आणि ‘स’, ‘श’, ‘त’, ‘थ’, ‘ठ’ यांची ओळख पटते ती नेमकी तिथे. मी मराठीचा मास्तर. मला ते व्याकरणाच्या भाषेत चटकन कळले. मामांना स्वर ऐकू येत होते, व्यंजने गळत होती. ‘काठ’, ‘पाठ’ आणि ‘साठ’ त्यांना सारखेच. आवाज वाढवला, तर स्वरच आणखी अंगावर येणार!

आम्ही पन्नास-साठ वॅटचा साधा रिसीव्हर घेतला. खर्चाचा मोठा वाटा मधल्या स्पीकरवर गेला, कारण अशा ध्वनीत संवाद मुख्यतः तिथूनच येतात. मुंबई सेंट्रल, नागपाडा, भायखळा करत टॅक्सी लालबागला निघाली. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे पाहताना मनात आले, वॅट हे नाव वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटचे. मुंबईच्या गिरण्या त्याच वाफेवर उभ्या राहिल्या. आणि डेसिबलमधला ‘बेल’ म्हणजे टेलिफोनवाला ग्रॅहम बेल. त्याच्या आईला जवळजवळ ऐकू येत नव्हते आणि पत्नी बहिरी होती. मामांच्या आयुष्यात एकाचा हिशेब फार झाला होता. दुसऱ्याचा कुणी मांडलाच नव्हता.

दुकानदारांनी निघताना बजावले होते, ‘आधी कान तपासा. यंत्र कानाची जागा घेत नाही.’ त्याप्रमाणे मामांना परळला केईएममध्ये नेले. श्रवणयंत्र लावायचे ठरले; मामांनी कुरकुर केली, पण लावले.

मग एका रात्री टीव्हीखाली मधला स्पीकर मांडला. फक्त त्याचा आवाज चार डेसिबलने चढवला, बाकीचे उतरवले. जुना चित्रपट लागला होता. मामा पुढे झुकून बसले. दहा मिनिटांनी पडद्यावरची बाई काहीतरी हळूच म्हणाली आणि मामा एकटेच हसले. वर्षभरात त्यांना विनोद वेळेवर हसताना कुणी पाहिले नव्हते. मामी पदराला हात पुसत दारातच थबकल्या.

तेवढ्यात मामांनी घड्याळ पाहिले. दहा वाजून गेले होते.

‘अरे, आवाज थोडा कमी कर,’ ते मुलाला म्हणाले. ‘शेजारी झोपले असतील.’